साक्षीचा धर्म : दुकानात चोरी दिसली तर आपण काय करावे?

फाल्गुन वद्य षष्ठी जवळ आली की छत्रपती संभाजीनगरातून पैठणकडे जाणाऱ्या दिंड्यांची वर्दळ सुरू होते. वाटेत पैठण गेट, गुलमंडी, औरंगपुरा या बाजूंना थोडी खरेदी होते. कुणाला बुक्का हवा असतो, कुणाला चहा-साखर, कुणाला पाय चोळायला तेल. अशा गर्दीत एखाद्या वेळी नको ते डोळ्यांना दिसते. कुणी एक वस्तू उचलतो, इकडेतिकडे बघतो आणि ती सदऱ्याखाली सरकवतो. दुकानदाराचे लक्ष नसते, आपले असते. आता आपण काय करावे? बोलावे, धरावे, की पांडुरंगाचे नाव घेऊन पुढे चालावे?

प्रश्न साबणाच्या वडीएवढा लहान दिसतो खरा. पण सत्य, दया आणि अक्रोध ही तिन्ही एकाच क्षणी मागणारा असा दुसरा प्रसंग बाजारात क्वचितच येतो. म्हणून या महिन्याच्या पाठासाठी आम्ही तोच घेतला आहे.

आधी आमची चूक

दुसऱ्याला शिकवण्याआधी आपले माप पदरात घ्यावे. काही वर्षांपूर्वी नाथषष्ठीच्या आधी दोन दिवस आम्ही त्याच बाजूच्या एका दुकानात उभे होतो. गर्दी दाट. आमच्या पुढे एक म्हाताऱ्या बाई, गळ्यात तुळशीची माळ, काखेत गाठोडं. त्यांनी फळीवरची चहाची पुडी आणि खोबरेलाची बाटली घेतली, गाठोड्यात घातली, वर पदर ओढला आणि दाराकडे चालू लागल्या. आम्हाला वाटलं, झालं! आम्ही मोठ्याने बोललो, "अहो, त्या बाईंनी काय घेतलं बघा!"

एवढंच बोललो, पण तेवढं पुरलं. दुकानातल्या पोऱ्याने बाईंचा हात धरला. दोघातिघांनी गाठोडं ओढून जमिनीवर मोकळं केलं. भाकरी, लसणाची चटणी, एक जुनं लुगडं, हरिपाठाची पोथी, आणि त्या दोन वस्तू. 'चोर' हा शब्द तोवर दाराबाहेर गेला होता. इतक्यात बाईंचा पुतण्या रस्ता ओलांडून आत आला. हातात पावती. दोन वस्तू सांगून त्याने गल्ल्यावर आधीच पैसे भरले होते आणि "काकू, तुम्ही घेऊन या" असं म्हणून तो दिंडीला निरोप द्यायला गेला होता.

बघे पांगले. पोऱ्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. बाई आम्हाला लागेल असं काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "माउली, पोथी तेवढी उचलून द्या. मला वाकवत नाही." आम्ही पोथी उचलून दिली. त्यांनी ती कपाळाला लावली आणि गेल्या.

षष्ठी आली की ते वाक्य आम्हाला ऐकू येतं. 'मी चोरी थांबवली' असं म्हणायला निघालेल्या माणसाने त्या दिवशी एका माळकरी बाईची अब्रू भर बाजारात सांडली होती. वस्तू परत देता येते. सांडलेली अब्रू कशी भरून द्यायची?

पूर्वपक्ष पहिला : "आपण साक्षी, आपल्याला काय?"

यावर कुणी म्हणेल, मग गप्प बसावे हेच बरे. आपण भले नि आपले काम भले. काही जण तर याला वेदान्ताचा टेकू देतात. आत्मा साक्षी आहे, जगाचा व्यापार प्रकृतीचा, आपण नुसते पाहावे.

हा वेदान्त सोयीचा आहे, खरा नव्हे. साक्षीभाव सांगितला तो आपल्या देहाच्या सुखदुःखाकडे आणि आपल्या मनाच्या खोड्यांकडे अलिप्तपणे बघता यावे म्हणून. शेजाऱ्याचे नुकसान होताना हातपाय गाळावेत म्हणून नव्हे. आपला स्वतःचा मोबाइल कुणी उचलला, तर हा साक्षी किती वेळ साक्षी राहतो, ते प्रत्येकाने मनाला विचारावे.

शिवाय, "एवढ्याशा वस्तूने दुकानदाराचं काय जातं?" असंही म्हणतात. नाथमहाराज देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या सेवेत होते, तेव्हाची कथा सर्वांना ठाऊक आहे. हिशेबात एका पैची चूक निघाली आणि नाथ रात्रभर वह्या घेऊन बसले. चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजली. या कथेतून आपण एकाग्रता शिकतो, ते योग्यच. पण त्यात दुसरीही गोष्ट आहे. दुसऱ्याच्या हिशेबातली पै ही नाथांना पैच वाटली, 'एवढीशी' वाटली नाही. तुकोबांचे घर तर वाण्याचे. दुष्काळात धंदा बुडाला म्हणजे घराचे काय होते, हे त्यांच्या चरित्रात आहे. लहान दुकानाचा नफा मुळात थोडा असतो. एक डबा गेला तर तो भरून काढायला तसे कित्येक डबे विकावे लागतात. मोठ्या दुकानात तूट आली तर संशय आधी फळ्या भरणाऱ्या पोरावर येतो. म्हणून 'कुणाचं काही जात नाही' हे खोटे आहे. कुणाचे तरी जातेच.

मग माणसे गप्प का राहतात? सगळीच काही निर्दय नसतात. प्रत्येकाला वाटते, दुसरा कुणी बोलेल. अमेरिकेतल्या थॉमस मोरियार्टी या अभ्यासकाने १९७५ साली याचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. न्यूयॉर्कजवळच्या समुद्रकिनाऱ्यावर एक मनुष्य आपला रेडिओ ठेवून फिरायला जाई आणि ठरलेला 'चोर' येऊन तो उचलून चालू लागे. नुसते शेजारी बसलेले २० लोक पाहिले, त्यांतले ४ जण आडवे आले. पण "माझ्या सामानाकडे जरा लक्ष ठेवा" असे ज्यांना आधी सांगितले होते, अशा २० पैकी १९ जणांनी चोराला हटकले!

वारकऱ्याला यात नवल वाटू नये. वाळवंटात स्नानाला जाताना आपण अनोळखी माणसाला म्हणतो, "माउली, पिशवीकडे बघा हो." आणि तो ऊन खात तासभर बघत बसतो. धैर्य त्याच्यात होतेच, फक्त जबाबदारी कुणाची ते स्पष्ट झाले. आता विचार करा, सर्वांभूती भगवंत मानणाऱ्याला "बघा हो" असे कुणी निराळे सांगायला हवे का? माळ घातली तेव्हाच ते सांगून झाले आहे.

पूर्वपक्ष दुसरा : "धरा आणि बडवा"

दुसरा पक्ष याच्या उलट. चोर दिसला की धरावा, चार तडाखे द्यावेत, म्हणजे पुन्हा करणार नाही. हे बोलायला सोपे आहे. पण 'चोर' हा शब्द पेटत्या काडीसारखा आहे. टाकणारा एक असतो, आग लावणारे पुष्कळ निघतात.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या ५ भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा होती, एवढेच निमित्त. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक चोर समजून मारले गेले. 'चोर सोडून संन्याशाला सुळी' ही म्हण आपण हसत वापरतो. तिथे ती शब्दशः खरी झाली. दुकानातली पुडी आणि या हत्या यांत अंतर मोठे आहे हे कबूल. पण वाट तीच. न तपासलेला संशय, मोठा आवाज, आणि मग कुणाचाच नसलेला हात.

संशय कुणावर येतो, हेही पाहावे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. स्वतंत्र भारताने तो कायदा १९५२ साली रद्द केला. कायदा गेला, पण नजर गेली का? मराठवाड्यातलेच लेखक लक्ष्मण गायकवाड यांच्या आत्मकथनाचे नाव 'उचल्या'. त्याला १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वस्तू उचलणाऱ्याला आपण वापरतो तो शब्द एका समाजाला नाव म्हणून चिकटला होता. फाटक्या कपड्याच्या माणसामागे दुकानभर फिरणारे डोळे आणि इस्त्रीच्या सदऱ्याला वाट देणारे डोळे, दोन्ही आपलेच असतात.

आणि संप्रदायाला हा आळ परका नाही. देवाचे पदक जनाबाईंच्या जवळ सापडले आणि गंगाखेडची ती माउली चोर ठरून सुळापर्यंत नेली गेली, असे चरित्रकार सांगतात. देवाच्या गळ्यातला हार चोखोबांच्या गळ्यात दिसला, तेव्हा त्यांच्यावरही तोच आळ आला. दोघांच्याही वेळी बघ्यांना वाटले असेल, 'वस्तू हिच्याजवळ सापडली, आता आणखी काय पाहायचं?' आज आपण जनाबाईंच्या ओव्या म्हणतो. पण त्या दिवशी त्या गर्दीत असतो तर आपण कुठे उभे राहिलो असतो?

पूर्वपक्ष तिसरा : "भुकेला असेल, नेऊ द्या"

हा पक्ष सर्वांत गोड आहे, म्हणून तो नीट तपासावा. नाथांच्या वाड्यात चोर शिरले, भांडी गोळा करताना त्यांची दृष्टी गेली. नाथांनी त्यांच्या डोळ्यांवरून हात फिरवला, दृष्टी आली, आणि नाथांनी आपल्या बोटातली अंगठीही त्यांना देऊ केली, जेवू घातले. नामदेवराय पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले. मग आम्हीही चोराला जाऊ दिले तर ते नाथांसारखेच नाही का झाले?

नाही झाले. अंगठी नाथांची होती. पोळी नामदेवांची होती. दुकानातला माल तुमचा नाही. दुसऱ्याच्या मालावर उदार होणे हे औदार्य नव्हे, त्यात खर्च दुकानदाराचा आणि पुण्य आपले! दया करायची तर आपल्या खिशातून करावी. आणि दुसरे असे की, नाथांनी न पाहिल्यासारखे केले नाही. ते चोरांजवळ गेले, बोलले, डोळ्यांवर हात ठेवला. दृष्टी देणे हेच तिथले खरे देणे होते. अंगठी नंतरची.

सिद्धांत

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची लक्षणे आहेत आणि ज्ञानोबारायांनी ती एकेक घेऊन उलगडली आहेत. त्यांत एका ओळीने सत्य, अक्रोध, अपैशुन आणि भूतदया ही येतात. अपैशुन म्हणजे दुसऱ्याचे व्यंग त्याच्या माघारी न सांगणे. वाचकाला शंका येईल, दुकानदाराला जाऊन सांगणे ही चहाडी नाही का? याचे समाधान हेतूत आहे. माणूस खाली पडावा म्हणून सांगितले तर ती चहाडी. नुकसान थांबावे म्हणून, ज्याचे नुकसान त्यालाच, पाहिले तेवढेच सांगितले तर ते सत्य. तेच चारचौघांत चघळले की पुन्हा चहाडी.

तेव्हा सिद्धांत असा : पाहणाऱ्याने मध्ये पडावे, पण दोघांच्या बाजूने पडावे. माल ठिकाणावर यावा आणि माणूसही ठिकाणावर यावा. यांतले एकच साधत असेल तर आपले काम अर्धे राहिले.

कायदा काय म्हणतो?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहेत. सामान्य माणसाला दुसऱ्याला अटक करता येते, पण गुन्हा त्याच्या डोळ्यांदेखत घडलेला, दखलपात्र आणि अजामीनपात्र असेल तरच. आणि अशा माणसाला विनाविलंब, फार तर ६ तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करावे लागते. चोरीचा माल ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल तर तो गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र धरला आहे. म्हणजे साबणासाठी, पुडीसाठी कुणाला कोंडून ठेवायचा अधिकार वाटेने जाणाऱ्याला नाही. अशा लहान चोरीत पहिल्यांदाच दोषी ठरलेल्या माणसाने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची आहे. कायद्यानेसुद्धा माणसाला परत यायला वाट ठेवली आहे!

दुसऱ्याच्या मालाचे चोरीपासून रक्षण करण्याचा हक्क कायदा प्रत्येकाला देतो. पण गरजेपुरताच. माल परत मिळाला की तो हक्क संपतो. त्यानंतर मारलेली थप्पड हा मारणाऱ्याचा गुन्हा.

मग प्रत्यक्षात कसे वागावे?

१. पाहिले ते खरेच पाहिले का, हे आधी तपासावे. वस्तू उचलताना पाहिली, लपवताना पाहिली, आणि पैसे न देता गल्ला ओलांडताना पाहिली, अशा तीन गोष्टी आहेत. हाताने माल घ्यायच्या दुकानात पुष्कळ लोक वस्तू आपल्याच पिशवीत ठेवतात आणि शेवटी पैसे देतात. आम्ही त्या बाईंच्या वेळी पैशाची गोष्ट पाहिलीच नव्हती, ती मनाने भरली.

२. जवळ जावे, हळू बोलावे. सिडकोतल्या एका दुकानात आमच्याबरोबरच्या विणेकरीबुवांनी एका बारा-तेरा वर्षांच्या पोराला पेन्सिलींचा डबा सदऱ्यात घालताना पाहिले. बुवा त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि त्याला एकट्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "बाळा, हा डबा हिशेबात घालायचा राहिला बघ. पैसे कमी असले तर मी आहे." पोरगं लाल झालं. डबा फळीवर ठेवला आणि मागे न बघता गेलं. त्याचं पुढं काय झालं, आम्हाला ठाऊक नाही. पण त्या दिवशी त्याला कुणी चोर म्हटलं नाही. 'राहिलं वाटतं' या दोन शब्दांत परत फिरायला दार असतं. तेच "काय रे, चोरतोस?" म्हटलं की दार बंद.

३. गरज दिसली तर पैसे आपण द्यावेत. औषध, दूध, पोराचे खाणे असेल तर विशेष. मात्र "मी भरले" असे सांगत सुटू नये.

४. जवळ जाणे जमत नसेल तर दुकानदाराला बाजूला घेऊन पाहिले तेवढेच सांगावे. "अमुक वस्तू पिशवीत गेली. पैसे दिलेत की नाही, मला ठाऊक नाही." कपडे, जात, गाव यांचा उल्लेख नको. मोबाइलवर चित्र काढून गावभर पाठवणे तर मुळीच नको.

५. सांगून निघून जाऊ नये. हे सर्वांत अवघड आहे. आपण सांगितले, म्हणजे पुढे जे होईल त्यात आपला वाटा आहे. हात उगारले गेले तर मध्ये उभे राहावे, "पोलिसांना बोलवा, मारू नका" असे स्पष्ट म्हणावे आणि ११२ क्रमांक लावावा. टाळकरी दोन-चार असतील तर त्यांनी कडे करावे. रिंगणात घोड्यासाठी कडे धरतो, ते माणसासाठी धरता आले पाहिजे.

६. लहान मूल असेल तर त्याला दरडावू नये. मागे कुणी मोठा पाठवणारा असू शकतो. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

७. टोळी असेल, शस्त्र असेल, तर अंगावर जाऊ नये. चेहरा, कपडे, गेले ती दिशा ध्यानात ठेवून पोलिसांना सांगावी. उगीच जीव घालवणे याला शौर्य म्हणत नाहीत.

८. आपली चूक निघाली तर जितक्या मोठ्याने आळ घेतला तितक्याच मोठ्याने, त्याच ठिकाणी क्षमा मागावी. आम्ही पोथी उचलून दिली, पण हे केले नाही. लाज वाटली आणि आम्ही खालमानेने सटकलो. ज्यांनी 'चोर' ऐकलं, त्यांतल्या कित्येकांनी 'चूक झाली' हे ऐकलंच नाही. त्या बाई कुठल्या गावच्या, तेही आम्ही विचारलं नाही. या पानावरून ती क्षमा मागत आहोत.

मननासाठी

महिनाभर हरिपाठानंतर तीन प्रश्न मनाला विचारावेत. आज मी कुणाबद्दल न तपासता काही बोललो का? बोलायला हवे तिथे, 'दुसरा बोलेल' म्हणून गप्प राहिलो का? आणि कुणाचा दोष दिसला तेव्हा त्याला परत यायला वाट ठेवली का?

यंदा पैठणला जाताना दुकानात असा प्रसंग आलाच, तर डोळे उघडे ठेवा, आवाज खाली ठेवा, आणि पाय तिथून हलवू नका. नाथांनी चोरांच्या डोळ्यांवर हात ठेवला होता. आपण निदान कुणाच्या अंगावर हात पडू देऊ नये.

॥ रामकृष्ण हरी ॥